रंग सोडा, काठी बघा: फ्रॉगफिशच्या जाती कशा ओळखायच्या

इंडोनेशियातली लेम्बेह सामुद्रधुनी, बालीतलं तुलाम्बेन किंवा फिलिपिन्समधलं अनिलाओ इथे डायव्हिंग करून आलेल्या माणसाच्या फोटोंत एखादा तरी फ्रॉगफिश, म्हणजे तळावर दबा धरून डोक्यावरच्या आमिषाने शिकार करणारा मासा, असतोच, आणि फोटोखालचं नाव बरेचदा चुकलेलं असतं. पिवळा दिसला की एक नाव, केसाळ दिसला की दुसरं, मोठा वाटला की सरळ 'जायंट'. यात निष्काळजीपणा नसतो. प्रवाळांवरचे बाकीचे मासे रंगावरून ओळखता येतात, त्यामुळे नजरेला तशी सवय लागलेली असते. क्लाउनफिशचे पांढरे पट्टे किंवा फुलपाखरू माशाच्या डोळ्यावरची काळी पट्टी ही त्या त्या जातीची कायमची खूण असते. फ्रॉगफिशचं पोट भरतं ते मात्र कोणाच्या नजरेत न येण्यावर. बसायची जागा बदलली की तो रंगही बदलतो, आणि त्याला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. जवळच्या स्पंजप्रमाणे एकाच जातीचा मासा पिवळा, लाल, काळा, पांढरा, जांभळा असा काहीही असू शकतो. २०१६ मध्ये मालदीवमधले प्रवाळ उष्णतेने पांढरे पडले, तेव्हा तिथला 'वॉर्टी' नावाच्या जातीचा एक फ्रॉगफिशही पांढराफटक दिसला होता.

तेव्हा रंग टिपून ठेवायला हरकत नाही, पण नाव त्यावरून ठरवू नका. नाव ठरवायचं ते हाडं, काटे आणि परांच्या काड्या (पराचा पडदा ताणून धरणाऱ्या बारीक सळ्या) यांवरून. रंग बदलला तरी हे अवयव बदलत नाहीत.

आधी, हा फ्रॉगफिशच आहे ना?

गोंधळ होतो तो मुख्यतः स्टोनफिश आणि स्कॉर्पिअनफिशशी. तेही दगडासारखे दिसतात, हलत नाहीत, आणि स्टोनफिशच्या पाठीवरचे काटे जिवावर बेतण्याइतके विषारी असतात. फरक पाहायचा तो छातीच्या परांत. स्टोनफिशचे हे पर पंख्यासारखे रुंद असून थेट अंगाला चिकटलेले असतात. फ्रॉगफिशचा छातीचा पर अंगापासून सुटा, कोपरात वाकणारा हात असतो आणि त्याच्या टोकाला काड्यांची बोटं असतात. दुसरी खूण कल्ल्यांची. बहुतेक माशांना डोक्याच्या मागे कल्ल्यांची लांब चीर असते, तर फ्रॉगफिशला या हाताच्या मागे किंवा खाली एक बारीकसं गोल भोक असतं. तोंडाने घेतलेलं पाणी त्या भोकातून जोरात सोडून तो पुढे ढकलला जातो. फ्रॉगफिश विषारी नसतात. तरी हात लावू नयेच, कारण स्टोनफिशला फ्रॉगफिश समजून बसलात तर चूक दुरुस्त करायची संधी मिळत नाही.

गळ्याखाली आणखी दोन छोटे पर असतात. त्यांवर आणि हातांवर भार देऊन तो तळावर चालतो.

कुठे काय बघायचं

या कुळाचं नाव अँटेनॅरिडी. त्यात पन्नासहून जास्त जाती आहेत. सगळ्यांच्या पाठीच्या पराचे पहिले तीन काटे बाकीच्या परापासून सुटून पुढे डोक्यावर आलेले असतात, आणि ओळख पटवण्याचं अर्धं काम या तीन काट्यांवर होतं.

पहिला काटा वरच्या ओठाच्या अगदी मागे उगवतो. तो बारीक आणि लवचीक असतो आणि त्याच्या टोकाला मांसाचा एक तुकडा असतो. कोकणात गरी घेऊन खडकावर बसलेल्या माणसाची काठी आणि आमिष डोळ्यांसमोर आणा, या माशाच्या डोक्यावर तेच आहे. या लेखात त्यांना काठी आणि आमिष असंच म्हणू. दुसरा काटा डोळ्यांच्या वर असतो. तो जाड असतो आणि बऱ्याच जातींत त्याला मागून कातडीचा पडदा जोडलेला असतो. तिसरा काटा त्याहून मागे, जाडजूड, बहुतेक कातडीत बुडालेला आणि मागे कललेला असतो. त्यामागे पाठीचा मऊ पर सुरू होतो.

मासा शिकार करत नसतो तेव्हा काठी डोक्यावर मागे पडलेली असते. दुसऱ्या काट्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे तिच्यासाठी अरुंद खाच असते आणि आमिष दुसऱ्या व तिसऱ्या काट्याच्या मधल्या खळग्यात जाऊन बसतं. दुसरा काटा खाली झुकला की तेही झाकलं जातं. नवख्या माणसाला 'काठीच नाही' असं वाटतं ते यामुळे. काठी नाही असं ठरवण्याआधी दुसऱ्या काट्याच्या बाजूने कपाळावर एखादी रेघ पडलेली दिसते का ते बघा. बहुतेक वेळा दिसते.

पहिला प्रश्न: काठी किती लांब?

मोजपट्टी लागत नाही, कारण तुलना दुसऱ्या काट्याशीच करायची असते. काठी त्या काट्याच्या जवळजवळ दुप्पट आहे, साधारण तेवढीच आहे, की त्याहून आखूड किंवा नसल्यासारखी? एवढ्यावर उष्ण समुद्रांतल्या नेहमी दिसणाऱ्या जातींचे तीन गट पडतात.

दुप्पट काठी असणारे प्रामुख्याने जायंट (अँटेनॅरियस कॉमर्सन), पेंटेड (अँटेनॅरियस पिक्टस) आणि वॉर्टी किंवा क्लाउन (अँटेनॅरियस मॅक्युलॅटस). कॅरिबियनमध्ये लाँगलूर (अँटेनॅरियस मल्टिओसेलॅटस) याच गटात येतो. साधारण सारखी काठी असते ती स्ट्राइप्ड किंवा हेअरी (अँटेनॅरियस स्ट्रायेटस), हिस्पिड (अँटेनॅरियस हिस्पिडस), स्पॉटफिन (अबँटेनॅरियस नमिफर) आणि फ्रेकल्ड (अबँटेनॅरियस कॉक्सिनियस) यांची. आखूड, नाममात्र किंवा आमिषाविना काठीवाल्यांकडे नंतर येऊ.

इथे एक सापळा आहे. काठी कॅमेऱ्याच्या दिशेने झुकलेली असेल तर फोटोत ती खरी आहे त्यापेक्षा आखूड दिसते आणि दुप्पट काठीवाला मासा सारख्या काठीवाल्यांत जाऊन बसतो. म्हणून लांबी ठरवायची ती मासा अगदी आडवा, बाजूने दिसत असताना. समोरून घेतलेला जांभई देणारा फोटो सुरेख येतो, पण या कामाला निरुपयोगी. दुसरा सापळा तुटलेल्या काठीचा. शिकार म्हणून आलेला मासा आमिष तोडून पळतो, कधी काठीचा तुकडाही जातो. फ्रॉगफिशला दोन्ही पुन्हा उगवतात, पण मधल्या काळात काठी आखूड आणि आमिष गाठीसारखं खुरटलेलं दिसतं. टोक अचानक बोथट संपत असेल आणि त्यावर नीट आकाराचं काही नसेल तर त्या माशापुरता हा प्रश्न बाजूला ठेवा आणि पुढच्या खुणांकडे वळा.

सारखी काठी, पट्टे आणि केस

स्ट्राइप्ड आणि हिस्पिड यांची अदलाबदल सर्रास होते. दोघांच्याही अंगावर गडद, लांबट पट्टे असतात, डोळ्यांपासून फाकणाऱ्या रेघा असतात आणि आकारही जवळपास सारखाच. दोघांना वेगळं करतं ते आमिष. स्ट्राइप्डचं आमिष म्हणजे काठीच्या टोकाला लटकणाऱ्या मांसल अळ्या. हिंद-प्रशांत महासागरात त्या बहुधा तीन असतात, पण दोनपासून सातपर्यंतही आढळल्या आहेत. काठी हलवली की त्या वळवळतात. हिस्पिडचं आमिष म्हणजे शेकडो बारीक तंतूंचा गोंडा. काठी वर असेल तर एका नजरेत निकाल लागतो, आणि नसेल तर थांबून राहणं हाच उपाय.

केसांवर मात्र अजिबात विसंबू नका. 'हेअरी फ्रॉगफिश' ही वेगळी जात नाही. स्ट्राइप्डच्याच काही माशांच्या कातडीला लांब तंतू असतात, काहींना अगदी थोडे, काहींना नसल्यासारखे. लेम्बेहच्या काळ्या वाळूवर याच जातीचे संपूर्ण काळे, एकही पट्टा न दिसणारे मासेही सापडतात. काळ्या अंगापुढे पांढरी अळी उठून दिसते, त्यामुळे खरं तर त्यांची ओळख सोपी व्हायला हवी. तरी लोक काळा रंग पाहून पेंटेड म्हणून मोकळे होतात.

अटलांटिकच्या पश्चिम किनाऱ्यावर, फ्लोरिडा आणि कॅरिबियन भागात असाच दिसणारा मासा पूर्वी स्ट्रायेटस म्हणूनच ओळखला जायचा. २०१२ च्या डीएनए अभ्यासानंतर तो अँटेनॅरियस स्केबर म्हणून वेगळा काढला गेला. त्याच्या आमिषाला सहसा दोनच फाटे असतात. तेव्हा मासा कोणत्या समुद्रातला, हेही नोंदवायला विसरू नका. पेंटेड आणि वॉर्टी अटलांटिकमध्ये नाहीत, लाँगलूर आणि स्केबर हिंदी महासागरात नाहीत. नुसत्या ठिकाणावरून निम्मी नावं गळतात.

शेपटीचा देठ

स्पॉटफिन आणि फ्रेकल्ड दोघेही १३ सेंटिमीटरच्या आतले, उथळ प्रवाळांत कपारीत बसणारे, काठी दुसऱ्या काट्याइतकीच. स्पॉटफिनच्या पाठीच्या मऊ पराच्या मागच्या भागात, तळाशी, मोठा गडद ठिपका असतो आणि त्याचं नावही त्यावरूनच पडलं आहे. पण काही स्पॉटफिनवर तो फिका असतो, आणि फ्रेकल्डवरही कधी कधी तसाच ठिपका उमटतो. पक्की खूण आहे शेपटीच्या बुडाशी.

पाठीचा मऊ पर आणि त्याच्या खालचा गुदद्वाराजवळचा पर, दोन्हींची शेवटची काडी बघा. स्पॉटफिनमध्ये या परांचा पडदा शेपटीच्या थोडा अलीकडे संपतो. मग शेपटीचा पर सुरू होण्याआधी अंगाचा आखूड, मोकळा देठ दिसतो. फ्रेकल्डमध्ये पडदा थेट शेपटीच्या बुडापर्यंत जाऊन चिकटतो आणि देठ उरतच नाही. मासा वळून बसला असेल किंवा शेपटी अंगाशी दुमडली असेल तर हे दिसत नाही, म्हणून तो चालायला लागला की शेपटीचा फोटो घ्यावा.

ही देठाची खूण सगळ्याच फ्रॉगफिशवर पाहावी. लोफिओकॅरॉन नावाच्या गटातही देठ नसतो. त्यातल्या लोफिओकॅरॉन ट्रायसिग्नॅटसचे नर अंड्यांचा पुंजका स्वतःच्या अंगावर चिकटवून वागवतात. बाजूला अंड्यांचा घोस घेतलेला फ्रॉगफिश दिसला तर या गटाचा विचार आधी करा. स्ट्राइप्ड, पेंटेड वगैरे जातींची अंडी पाण्यात सोडलेल्या चिकट तराफ्यातून वाहत जातात.

तिघांची कटकट

खरी डोकेदुखी दुप्पट काठीवाल्या तिघांची. गाइडसुद्धा जिथे चुकतात ती जागा हीच, तेव्हा जरा सावकाश जाऊ.

जायंटचं शास्त्रीय नाव फिलिबेर कॉमर्सन या अठराव्या शतकातल्या फ्रेंच निसर्गवैज्ञानिकावरून ठेवलेलं आहे. जुन्या पुस्तकांत ते 'कॉमर्सनी' असं दिसेल. या कुळातला हा सर्वांत मोठ्यांपैकी एक, साधारण ३८ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. प्रवाळावर किंवा जेटीच्या खांबावर बसलेला फ्रॉगफिश स्पष्टपणे २५ सेंटिमीटरच्या वर असेल तर तो जवळजवळ नक्की जायंट. उलट मात्र चालत नाही. १० सेंटिमीटरचा मासा जायंटचं पिल्लू असू शकतो, पूर्ण वाढलेला वॉर्टी असू शकतो किंवा अर्धवट वाढलेला पेंटेड. आकारावरून फक्त वरच्या टोकाचा निर्णय होतो.

तिघांचं आमिष वेगळं आहे. जायंटचं आमिष माशाच्या मानाने छोटं, कोळंबीच्या पिलासारखं. पेंटेडचं चपटं, कडेने तंतू असलेलं. वॉर्टीचं आमिष सर्वांत देखणं, कारण ते चक्क छोट्या माशासारखं दिसतं. १९७८ मध्ये फिलिपिन्समधल्या एका वॉर्टीवर शास्त्रज्ञांनी लिहिलं, तेव्हा त्याच्या आमिषावर डोळ्यासारखा ठिपका आणि परांसारख्या कडा असल्याचं दाखवून दिलं होतं. एका माशाने दुसऱ्याची हुबेहूब नक्कल काठीला टांगावी, हे त्या वेळी जाणकारांनाही नवल वाटलं.

आमिष दिसलं नाही तर दुसरा काटा बघा. वॉर्टीमध्ये त्याच्या मागे रुंद, जाड पडदा असतो आणि तो तिसऱ्या काट्याच्या दिशेने पसरतो. त्यामुळे बाजूने पाहताना कपाळावर त्रिकोणी उंचवटा उभा राहिल्यासारखा वाटतो. पेंटेडमध्ये तोच काटा बराचसा मोकळा, सडसडीत उभा असतो. काठी खाली पडलेली असली तरी हा फरक लांबूनही कळतो, त्यामुळे पाण्याखाली सर्वांत कामाचा हाच.

मग कातडी. वॉर्टीच्या अंगावर गोल, फुगीर चामखिळी सर्वत्र पसरलेल्या असतात. पेंटेडची कातडी त्या मानाने सपाट, चामखिळी तुरळक. जायंटवरही चामखिळी असतात आणि वयाबरोबर त्या वाढतात, शिवाय त्यावर शेवाळ आणि हायड्रॉइड (झुडपासारखे दिसणारे छोटे समुद्री जीव) हेही उगवतात. म्हणून 'चामखिळी दिसल्या की वॉर्टी' हे समीकरण खोटं आहे. चामखिळींना दुसऱ्या काट्याच्या पडद्याची साथ हवी.

पेंटेडच्या बाजूने एक चांगला पुरावा शेपटीच्या परावर मिळतो. तिथे बहुधा तीन गोल, कडा असलेले ठिपके असतात. अंगाचा रंग काहीही झाला तरी ते बऱ्याचदा शिल्लक राहतात. काळ्या पेंटेडवर ते दिसायला टॉर्च लागतो. पुष्कळ पेंटेडच्या हाताच्या बोटांची टोकं पांढरी असतात. वॉर्टीच्या परांना बहुधा लाल किंवा नारिंगी किनार असते. ठिपके, टोकं आणि किनार या तिन्ही खुणा 'बहुधा'च्या आहेत. त्यांनी निर्णयाला बळ मिळतं, निर्णय होत नाही.

आणि आता मोजणी. जायंटच्या छातीच्या परात बहुतेक वेळा ११ काड्या असतात, पेंटेड आणि वॉर्टीत बहुतेक वेळा १०. हात खडकावर टेकलेला असेल, बोटं फाकलेली असतील, तर फोटो मोठा करून मोजता येतं. सर्वांत वरची काडी छोटी असते आणि हाताच्या वळणात लपते. ती सुटली की ११ च्या १० होतात आणि जायंटचा पेंटेड होतो. शक्य असेल तर दोन्ही हात मोजा. दोन्हींत ११ आले तर जायंट धरायला हरकत नाही. १० आले तर पुन्हा एकदा वरून मोजा.

पिल्लांच्या बाबतीत रंग थोडा उपयोगी पडतो, हा अपवाद. नखाएवढा काळाभोर मासा आणि त्यावर नारिंगी-पिवळे ठिपके, हे पेंटेडच्या पिल्लाचं नेहमीचं रूप. पांढऱ्या अंगावर लाल-नारिंगी खोगिरासारखे डाग, हे वॉर्टीच्या पिल्लाचं. दोन्ही रूपं चवीला वाईट असलेल्या चपट्या कृमींसारखी किंवा समुद्री गोगलगायींसारखी दिसतात. पण हे रंग वाढीबरोबर जातात.

काठी आखूड किंवा नावापुरती

हिस्ट्रिओ हिस्ट्रिओ म्हणजे सरगॅसम फ्रॉगफिश. त्याची ओळख कोणालाही पटेल, कारण तो तळावर नसतोच. समुद्रावर तरंगणाऱ्या सरगॅसम शेवाळात तो हातांनी फांद्या धरून राहतो. इतर जातींची कातडी सूक्ष्म काट्यांमुळे खरखरीत असते, त्याची जवळजवळ गुळगुळीत. काठी आखूड, गळ्याखालचे पर मोठे. रंग तो आठवड्यांत नव्हे, बराच लवकर बदलतो. पूर्व प्रशांत सोडून उष्ण समुद्रांत तो सगळीकडे आहे. वाऱ्याने शेवाळ किनाऱ्याला लागलं की त्यासोबत किनाऱ्यावरही येतो.

अँटेनॅटस ट्युबेरोससची काठी चांगली दिसते, पण तिच्या टोकाला आमिष नसतं, काठी निमुळती होत संपते. सात सेंटिमीटरच्या आतला हा मासा प्रवाळाच्या फांद्यांत घुसून बसतो. तुटलेल्या आमिषात आणि नसलेल्या आमिषात फरक असा, की तुटलेली काठी टोकाला बोथट असते.

हिस्टिओफ्रिनी गटात काठी इतकी छोटी असते की नसल्यातच जमा, आणि दुसरा-तिसरा काटा कातडीखाली दबलेला. यातली प्रसिद्ध जात हिस्टिओफ्रिनी सायकेडेलिका. जानेवारी २००८ मध्ये इंडोनेशियातल्या अंबोन बंदरात ती डायव्हिंग चालवणाऱ्यांच्या नजरेला पडली आणि २००९ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. अंगभर पांढऱ्या-तपकिरी वळणदार रेघा, डोळे समोर बघणारे, आणि चालण्याऐवजी चेंडूसारखं उड्या मारत जाणं. रेघांची नक्षी प्रत्येक माशाची वेगळी असते. या प्रकरणात ओळखपरेडीसाठी एक धडा आहे. याच जातीचे दोन मासे १९९२ मध्येच वॉशिंग्टन विद्यापीठातल्या टेड पीच या तज्ज्ञाकडे आले होते, पण जतनाच्या द्रावात रंग उडून गेल्याने ते दुसऱ्याच जातीच्या नावाखाली बाटलीत राहिले. नवे फोटो पाहिल्यावर जुने नमुने भिंगाखाली तपासले, तेव्हा रेघा तिथेच होत्या.

दुसरं उदाहरण लेम्बेहचंच. पाच सेंटिमीटरच्या आसपासचा, अंगाने सडपातळ, पाठीवर गोल डागांचा एक छोटा मासा डायव्हर वर्षानुवर्षं 'लेम्बेह फ्रॉगफिश' या नावाने दाखवत होते आणि तो नवी जात असावा असं धरून चालले होते. २०१७ मध्ये कळलं की तो फिलिपिन्समधून १९१२ मध्येच वर्णन झालेला न्यूडिअँटेनॅरियस सबटेरेस. जात नोंदलेली होती, फक्त जिवंत मासा आणि बाटलीतला मोजका नमुना यांची गाठ कोणी घातली नव्हती.

फोटो असे घ्या

नाव पाण्याखाली ठरत नाही, फोटोवर ठरतं. तेव्हा एका माशाचे चार फोटो हवेत. पहिला, बाजूने, पूर्ण मासा, दोन्ही टोकं चौकटीत. दुसरा, वरच्या ओठापासून तिसऱ्या काट्यापर्यंतचा भाग, तोही बाजूने. तिसरा, शेपटीचं बूड आणि शेपटीचा पर. चौथा, टेकलेला हात, बोटं मोजता येतील असा. ६० किंवा १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स चारही कामांना पुरते. काठी केसासारखी बारीक असते आणि मागे स्पंज असेल तर त्यात विरून जाते. तिच्यासाठी लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) थोडं लहान ठेवा आणि एका बाजूच्या स्ट्रोबचा (पाण्याखालच्या फ्लॅशचा) उजेड कमी करा, म्हणजे कडेने प्रकाश पडून काठी सुटी दिसते. १५ मीटरवर लाल रंग करडा दिसतो, ठिपके आणि किनार तपासायला टॉर्च हवाच.

आकारासाठी हात शेजारी धरायची गरज नाही. तो बसलेल्या स्पंजचा किंवा दोरखंडाचा एखादा ओळखीचा भाग चौकटीत येऊ द्या आणि नंतर तो मोजा. खोली, तळ कशाचा आणि ठिकाण लिहून ठेवा.

मासा काठी हलवत नसेल तर सगळ्यात कामाचं साधन म्हणजे वाट पाहणं. थोडं मागे सरून, तळ न ढवळता थांबलात आणि आसपास छोटे मासे फिरू लागले, तर काठी वर येण्याची शक्यता बरीच असते. प्रत्यक्ष झडप टिपण्याची आशा मात्र धरू नका. तोंड उघडून शिकार आत ओढायला त्याला सुमारे ६ मिलिसेकंद लागतात. गाइड काडीने डिवचून मासा फिरवायला लागला तर त्याला थांबवा. डिवचलेला फ्रॉगफिश काठी आडवी करतो, पर मिटतो आणि तोंड फिरवतो, म्हणजे ज्या खुणा हव्यात त्या सगळ्या लपवतो. सारखी जांभई देणं हे बहुधा अस्वस्थतेचं किंवा हलण्याच्या तयारीचं लक्षण असतं, लोक मात्र तेच फोटोसाठी शोधतात.

जाळ्यात आलेला मासा

आपल्या किनाऱ्यावर पाणी गढूळ असतं. तारकर्लीत डायव्हिंग शिकणाऱ्यांना फ्रॉगफिश दाखवायला कोणी नेत नाही. पण भारतीय किनाऱ्यावरच्या ट्रॉलरच्या जाळ्यात फ्रॉगफिश येतात, त्यात हिस्पिड आणि इंडियन (अँटेनॅरियस इंडिकस) हे ठरलेले. बाजारात त्यांना किंमत नसल्याने ते कचऱ्यात जातात. मेलेल्या माशाचा रंग तासाभरात फिका पडतो आणि हवेत आमिषाचे तंतू चिकटून गोळा होतो, मग गोंडा कोणता आणि अळी कोणती ते कळत नाही. अशा वेळी मासा समुद्राच्याच पाण्याने भरलेल्या पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवा. पाण्यात तंतू पुन्हा मोकळे होतात. टाचणीने खाचेतून काठी अलगद वर काढा, शेजारी पट्टी ठेवा आणि वरचेच चार फोटो घ्या. इथे परांच्या काड्या तर बोटाने पर ताणून मोजता येतात, जी सोय पाण्याखाली नाही. सगळी ताकद लावून काठी ओढू नका, ती बुडातून सुटते.

नावं लिहिताना एक अडचण येते. अलीकडे डीएनए अभ्यासांनंतर बऱ्याच जातींच्या नावाचा पहिला शब्द बदलला. स्पॉटफिन आणि फ्रेकल्ड जुन्या पुस्तकांत 'अँटेनॅरियस', मधल्या काळातल्या लेखांत 'अँटेनॅटस' आणि आता 'अबँटेनॅरियस' म्हणून सापडतील. मासा तोच आहे. शोधताना दुसरा शब्द धरून चला, म्हणजे 'नमिफर', 'कॉक्सिनियस'.

चारही फोटो असूनही काठी तुटलेली आणि बोटं १० की ११ ते दिसत नाही, असं झालं तर फोटोखाली 'अँटेनॅरियस, पिक्टस किंवा कॉमर्सन' एवढंच लिहा, सोबत ठिकाण, खोली आणि अंदाजे लांबी. तोच मासा त्याच स्पंजवर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कोणाला काठी उभारलेला दिसू शकतो, आणि तेव्हा तुमची नोंद त्याला जोडता येते.